सगळ्या कुंड्यांना सारखंच मगभर पाणी?

प्रश्न : गच्चीवर ४० कुंड्या आहेत: आठ मोठ्या (१६ इंची), वीस मध्यम (१० ते १२ इंची) आणि बारा लहान (६ ते ८ इंची). खाली अंगणात गेल्या वर्षी लावलेली दोन झाडं आणि मोगऱ्याची दोन झुडपं. बागेसाठी रोज ६० लिटरपेक्षा जास्त पाणी मिळणं शक्य नाही. प्रत्येक कुंडीला सकाळी अर्धा लिटर आणि संध्याकाळी अर्धा लिटर, न चुकता घालते. उरलेलं २० लिटर खालच्या झाडांना रोज थोडं थोडं. तरी दुपारी बारा वाजले की सगळी बाग माना टाकते. मोठ्या कुंड्यांतल्या पानांच्या कडा करपल्यात, लहान कुंड्यांतली पानं पिवळी पडून गळतायत. मातीवर पांढरा थर आलाय. पिवळेपणा बघून दर आठवड्याला विद्राव्य खत सुरू केलं, काही फरक नाही. गुलाबाच्या पानांवर बारीक फिकट ठिपके दिसतायत. त्यात लवकरच दहा दिवस घर बंद राहणार आहे. घरचे म्हणतात, उन्हाळ्यात बाग टिकत नसतेच, सोडून दे. दुपारी तिसऱ्यांदा पाणी सुरू करू, की खरंच सोडून देऊ?

उत्तर : तिसऱ्या पाण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून गेलात: मोठ्या कुंड्यांत कडा करपतात आणि लहान कुंड्यांत पानं पिवळी पडतात. ऊन तेच, पाणी तेच, हात तेच, आणि दुखणी मात्र दोन. मोठ्या कुंड्या तहानेने हैराण आहेत आणि लहान कुंड्या पाण्याने. सारखी वाटणी न्यायाची वाटते खरी, पण इथे तीच नडते आहे.

हिशेब करून बघा. अर्धा लिटर पाणी १६ इंची कुंडीत ओतलं, तर मातीवर त्याची जाडी जेमतेम चार-साडेचार मिलिमीटर भरते. तेवढ्याने वरची दोन-तीन सेंटिमीटर माती ओली होते. दोन वेळचं मिळून आठ-नऊ मिलिमीटर. आता कडक उन्हाच्या, कोरड्या वाऱ्याच्या दिवशी उघड्यावरचा झाडांनी भरलेला वाफा सहा ते आठ मिलिमीटर पाणी हवेत सोडतो. कुंडीतून त्याहून जास्त जातं, कारण झाडाचा पसारा कुंडीबाहेर असतो आणि बाजूही तापतात. म्हणजे तुम्ही घातलेलं सगळं पाणी वरच्या वर उडतं आणि २० सेंटिमीटर खालची मुळं कोरडीच राहतात. याउलट सहा इंची कुंडीत मातीच मुळी दोन लिटर. तिला तुम्ही रोज एक लिटर पाजताय. तिथे मातीतली हवा पाण्याने हुसकली जाते, मुळांचा श्वास कोंडतो, ती कुजायला लागतात आणि पान पिवळं पडतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, उद्या सकाळी पाणी घालण्याआधी स्वतः बघा. मोठ्या कुंडीत एक लांब स्क्रूड्रायव्हर किंवा बारीक सळई सरळ खाली दाबा. ओल्या मातीत ती लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि कोरडी माती लागली की अडते. अडली तिथे अंगठा धरून बाहेर काढा. अंगठ्याच्या खालचा भाग म्हणजे तुमच्या पाण्याची पोच. कुंडी मातीची असेल तर बोटाच्या पेराने टकटक करा. आतून कोरडी असेल तर आवाज खणखणीत येतो, ओली असेल तर बद्द. मग पिवळ्या पडलेल्या एका लहान कुंडीतलं झाड बुंधा बोटांत धरून हलकेच उपडं करा. मुळं पांढरट आणि कडक असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत धरून ओढली की साल हातात येऊन आत नुसता दोरा उरत असेल, कुबट वास येत असेल, तर निदान झालं.

आता दुपारच्या माना टाकण्याबद्दल. ती तहानच असते, असं आपण धरून चालतो. तसं नेहमी नसतं. भर दुपारी पानातून पाणी इतक्या वेगाने उडतं की माती ओली असूनही मुळांचा पुरवठा कमी पडतो. पान लोंबतं, म्हणजे उन्हाला अंग कमी देतं. झाडाची ती सोयच आहे म्हणा. खरी परीक्षा संध्याकाळी आणि पहाटे. सूर्य मावळल्यावर तासा-दीड तासात झाड सावरत असेल तर काळजी नको. पहाटेही पानं लोंबलेली असतील तर मातीत बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली आणि झाड तरीही मलूल असेल, तर मुळं गेली आहेत. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याला आणखी पाणी पाजणं. ती कुंडी सावलीत न्या, कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, ताज्या कोरडसर मातीत बसवा आणि वरची दोन सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नका.

दुपारी पाणी घातलं की झाड मरतं, हे तुम्ही ऐकलं असेलच. कुंडी उचलून हलकी लागत असेल, माती कोरडी असेल आणि झाड लोंबत असेल, तर संध्याकाळची वाट बघत बसू नका. सावलीत ओढा आणि लगेच पाणी द्या. पानावरचा थेंब भिंगासारखा ऊन गोळा करून पान जाळतो, हाही एक समज आहे. २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी तो तपासला. गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे भाजल्याच्या खुणा उमटल्या नाहीत. पानावर दाट लव असेल आणि थेंब त्या लवेवर तोलून राहिला असेल, तरच तशी शक्यता दिसली. दुपारच्या पाण्यातला खरा धोका वेगळाच आहे, तो पाइपात दडलेला असतो. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं. ते थेट मुळांवर गेलं तर मुळं भाजतात. पहिली धार बादलीत सोडा, हाताला गार लागली की झाडाकडे वळवा. बादलीतलं पाणी निवल्यावर वापरता येतं. गच्चीवरच्या टाकीचंही हेच. तिच्यातलं पाणी पहाटे सगळ्यात गार असतं, म्हणून पाणी घालायची उत्तम वेळ सकाळी आठच्या आतली. संध्याकाळी घालायचंच झालं तर पानं भिजवू नका.

बाग रुळावर आणायची तर मोठ्या कुंड्यांपासून सुरुवात करा. अनेक दिवस आतून कोरडी राहिलेली माती आक्रसते आणि कडेला फट पडते. वरून पाणी ओतलं की ते त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं कुंडी भिजली, पण मधला गोळा ठणठणीत असतो. आधी काडीने वरची माती सैल करा, फट मातीने बुजवा आणि एक लिटर घाला. पंधरा-वीस मिनिटं थांबून आणखी एक लिटर, असं चार-पाच वेळा, खालून थोडं पाणी झिरपेपर्यंत. रोज दोन मोठ्या कुंड्या घेतल्या तर चार दिवसांत आठही होतात. मध्यम कुंड्यांपैकी ज्या उचलता येतात त्या टबात अर्ध्यापर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की माती भिजली, साधारण २०-३० मिनिटं लागतात. तेच पाणी पुढच्या कुंडीला चालतं. फक्त मुळं कुजल्याचा संशय असलेली कुंडी त्या टबात घालू नका.

मग तुमच्याच पाण्याची नवी वाटणी करा. कुंड्यांसाठी तुमच्याकडे रोज ४० लिटर आहे. मोठ्या आठ कुंड्यांना रोजचे दोन लिटर धरले की १६. मध्यम वीस कुंड्यांना एकेक लिटर, म्हणजे २०. लहान बारा कुंड्यांना एक तृतीयांश लिटर, म्हणजे ४. झाले ४० लिटर, एक थेंबही वाढवावा लागला नाही. त्यातही मोठ्या कुंड्यांना रोज दोन लिटर देण्यापेक्षा दिवसाआड चार लिटर द्या. आज चार कुंड्या, उद्या दुसऱ्या चार. चार लिटर पाणी एका दमात दिलं तर खोल उतरतं आणि मुळंही त्याच्या मागे खाली जातात. तेच पाणी थोडं थोडं वर शिंपडलं तर मुळं वरच, तापलेल्या मातीत राहतात. हे आकडे सुरुवातीचे आहेत. आठवडाभराने सळई आणि बोट जे सांगतील ते खरं. जेड किंवा तत्सम मांसल पानांची झाडं यातून वगळा. कडक उन्हात त्यांतली बरीचशी वाढ थांबवून बसतात आणि तेव्हा रोज पाणी मिळालं की बुंध्यापासून सडतात.

पाणी मुळांपर्यंत पोचलं तरी तिथली माती तापत असेल तर फायदा निम्माच. कुंड्यांच्या बागेत मला सगळ्यात दुर्लक्षित वाटणारी गोष्ट हीच. जमिनीतल्या झाडाची मुळं मातीच्या जाड दुलईखाली असतात, कुंडीतल्या मुळांच्या आणि उन्हाच्या मध्ये प्लास्टिकची दोन-तीन मिलिमीटरची भिंत असते. गडद रंगाच्या कुंडीवर दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन आलं की त्या बाजूची माती ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते. बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ ३८-४० अंशांच्या पुढे ठप्प होते. अशी कुंडी उपडी केली की पूर्वेच्या बाजूला मुळांचं जाळं आणि पश्चिमेच्या बाजूला नुसती माती, असं चित्र दिसतं. मग निम्म्या मुळांवर पूर्ण झाड कसं चालणार?

यावर खर्चाशिवाय होणारा उपाय म्हणजे कुंड्यांची जागा बदलणं. कठड्याच्या कडेने एका ओळीत मांडलेल्या कुंड्या दिसायला छान दिसतात, पण प्रत्येकीची पाठ भाजते. त्यांचा घोळका करा. मोठ्या कुंड्या पश्चिमेला, मध्यम मध्ये, लहान अगदी आत, मोठ्यांच्या सावलीत. पश्चिमेकडच्या कुंड्यांना बाहेरून पांढरं कापड गुंडाळा, किंवा कुंडीला पांढरा रंग द्या. एखादी कुंडी मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवून मध्ये तीन-चार सेंटिमीटर हवेची फट सोडली तरी तापमान बरंच उतरतं. गच्चीची फरशी रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत असते, म्हणून कुंड्या विटांवर उचला. खालून हवा फिरते आणि भोकंही बुजत नाहीत.

शेडनेट लावणार असाल तर सरसकट दाट जाळी घेऊ नका. फुलं-फळं देणाऱ्या झाडांना ३५ टक्के ऊन अडवणारी पुरते, पानांसाठी लावलेल्या झाडांना ५० टक्के, आणि ७५ टक्के जाळी फक्त नेचे आणि तशा सावलीतल्या झाडांसाठी. गुलाब-मोगऱ्यावर ७५ टक्क्यांची जाळी टाकलीत तर झाड हिरवंगार राहील आणि फुलं येणार नाहीत. जाळी झाडाच्या शेंड्यापासून किमान ६० सेंटिमीटर उंच हवी, नाहीतर तिच्याखाली गरम हवा कोंडते. आणि फक्त डोक्यावर छत घालून थांबू नका. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे पश्चिमेला उभा पडदा लावल्याचा उपयोग कधी कधी छतापेक्षा जास्त होतो. जाळी आणायला वेळ असेल तर तोवर पांढरी जुनी चादरही चालते, फक्त वाऱ्याने शिडासारखी फुगून कुंड्या पाडणार नाही अशी बांधा. हंगाम उतरला की जाळी एका दिवसात काढायची नाही. सावलीला सरावलेलं पान एकदम उन्हात आलं की कागदासारखं पांढरं भाजतं. आठवडाभर रोज थोडा वेळ बाजूला करत न्या.

माती उघडी ठेवू नका, हे तर झालंच. कुंडीत तीन-चार सेंटिमीटर आणि जमिनीत सात-आठ सेंटिमीटर जाडीचं आच्छादन पुरतं: चुरलेला पालापाचोळा, वाळलेलं गवत, नारळाच्या शेंड्यांचे तुकडे. आधी पाणी, मग आच्छादन. कोरड्या मातीवर घातलं तर वरून दिलेलं थोडं पाणी आच्छादनच पिऊन टाकतं. बुंध्याभोवती चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल ओली राहून सडते. ताजं कापलेलं गवत जाड थरात घातलं की ते दबून चिकटतं, आतून तापतं आणि पाणी अडवतं, आधी वाळवा. गच्चीवर शोभेचे खडे पसरायचा मोह होतो, तो टाळा, ते तापतात.

आता खालची झाडं. तुम्ही रोज थोडं थोडं पाणी देताय, तिथेही कुंडीतलीच चूक आहे. आठवड्याचे १४० लिटर तेच ठेवा, वाटणी बदला: दोन्ही झाडांना आठवड्यातून दोनदा प्रत्येकी २५ लिटर, मोगऱ्याच्या दोन झुडपांना दोनदा प्रत्येकी १० लिटर. पाणी बुंध्याशी ओतू नका. पाणी शोषणारी बारीक मुळं पसाऱ्याच्या कडेकडे असतात. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून पानांच्या घेराच्या थोडं बाहेरपर्यंत आळं करा. आतून-बाहेरून मातीचे हातभर नव्हे, फक्त चार बोटं उंचीचे बांध पुरतात. म्हणजे बांगडीसारखं दुहेरी आळं होतं आणि बुंधा कोरडा राहतो. २५ लिटर दोन हप्त्यांत द्या, पहिलं मुरलं की दुसरं. जमीन कशी आहे हेही बघा. अडीच सेंटिमीटर पाणी रेताड जमिनीत सुमारे ३० सेंटिमीटर खोल जातं, तर चिकण जमिनीत जेमतेम १० ते १२. रेताड असेल तर तेच पाणी आठवड्यात तीनदा विभागा. ठिबक बसवलं असेल तर वर्षभर तपासलं नसणार! चार लिटर ताशी क्षमतेच्या ड्रिपरखाली भांडं धरा. पंधरा मिनिटांत एक लिटर भरलं पाहिजे. कमी भरलं तर क्षार साचलेत. ड्रिपर काढून पातळ व्हिनेगरमध्ये भिजवा.

खत मात्र आजपासून बंद. पिवळं पान म्हणजे भूक, हे दुसरं गृहीतक. तुमच्या लहान कुंड्यांत पान पिवळं पडतंय ते मुळं काम करत नाहीत म्हणून. अशा मुळांना खत दिलं तर ते घेतलं जात नाही, मातीत साचतं. मोठ्या कुंड्यांवरचा पांढरा थर हा पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचा. पाणी खालपर्यंत जाऊन झिरपतच नाही, वरच्या वर उडतं आणि क्षार मागे ठेवतं. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं, आणि पानाच्या कडा करपण्यामागे तहानेच्या जोडीला तेही असतं. वरची दोन सेंटिमीटर माती थरासकट खरवडून टाका आणि तिथे चांगलं कुजलेलं कंपोस्ट पसरा. खरं तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सोडून क्षार धुवायला हवेत. पण १५ लिटरच्या कुंडीला त्यासाठी ३० लिटर लागतील, तुमच्या हिशेबात ते बसत नाही. पावसाच्या पहिल्या चार सरी ते काम फुकट करतील, तेव्हा कुंड्या उघड्यावर ठेवा. तोवर प्रत्येक वेळी खालून जरासं पाणी झिरपेल इतकं द्या, एवढं पुरे.

जास्तीचं पाणी शोधताना एक फरक लक्षात ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते कुंड्यांना उत्तम. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा खारं असतं. कुंडीत रोज घातलंत तर आत्ताचा पांढरा थर दुप्पट होईल. ते जमिनीतल्या मोठ्या झाडांना, अधूनमधून. कपडे धुतलेल्या पाण्याचंही तेच: कपडे शेवटचे खळबळून काढलेलं, त्याच दिवशी, आणि जमिनीतच.

गुलाबाच्या ठिपक्यांकडे वळू. ठिपके असलेल्या फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले कण हळूहळू चालायला लागले तर तो लाल कोळी आहे. पानाच्या मागे बारीक जाळीही दिसेल. हा कीटक नव्हे, आठ पायांचा कोळ्याच्या जातीचा जीव, आणि कोरडी गरम हवा त्याला फार मानवते. ३० अंशांच्या आसपास त्याची एक पिढी आठवडाभरात तयार होते. म्हणूनच त्याच्यावर नेहमीचं कीटकनाशक मारू नका. त्याने कोळी फारसे मरत नाहीत, त्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि पंधरा दिवसांत प्रकरण हाताबाहेर जातं. सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, दर दोन-तीन दिवसांनी. एका लिटरच्या फवारणीच्या बाटलीनेही हे होतं, तेवढं पाणी या कामासाठी राखून ठेवा. दहा दिवसांत उतार पडला नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली नीमतेल. आधी तेलात एक-दोन मिली द्रव साबण कालवा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पहिल्या फवाऱ्यात पान जळतं. ऊन उतरल्यावर, पाणी मिळालेल्या झाडावर, आधी एका पानावर दोन दिवस तपासून. आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. (टोमॅटो-मिरची लावली असेल आणि फुलं गळत असतील तर त्याला औषध नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं की परागीभवनच नीट होत नाही. हवा निवळली की फळं धरतील.)

छाटणीची कात्रीही आत ठेवा. करपलेली पानं डोळ्यांना खुपतात, पण ती खालच्या फांदीवर सावली धरून असतात. काढली की आतली कोवळी साल उघडी पडते, आणि छाटणीने फुटणारा कोवळा पाला या उन्हात पहिल्याच आठवड्यात भाजतो. कुंडी बदलणंही पुढे ढकला. एखादी कुंडी मुळांनी गच्च भरून अगदीच अडली असेल, तर गोळा न फोडता मोठ्या कुंडीत संध्याकाळी सरकवा आणि आठवडाभर सावलीत ठेवा.

दहा दिवसांच्या प्रवासाची तयारी निघायच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी सुरू करा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दिवसाआड येणारा माणूस, पण त्याला ‘झाडांना पाणी घाल’ एवढंच सांगून जाऊ नका. तोही प्रत्येक कुंडीला एकेक मग घालेल. कुंड्यांना रंगीत फिती बांधा: लाल म्हणजे चार लिटर, पिवळी म्हणजे दोन, हिरवी म्हणजे अर्धा. लहान कुंड्या घरात, खिडकीजवळ पण थेट ऊन न येणाऱ्या जागी आणा. तिथे त्यांचं पाणी निम्म्याहून कमी लागतं. उरलेल्या कुंड्या सावलीत एकत्र करा, कळ्या आणि फळं खुडून टाका.

माणूस मिळत नसेल तर वात लावा. २० लिटरची झाकण असलेली बादली कुंड्यांच्या मातीपेक्षा थोडी उंच ठेवायची. जुन्या सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी आधी पाण्यात भिजवायची, एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं कुंडीच्या मातीत आठ-दहा सेंटिमीटर खोल. मधला भाग प्लास्टिकच्या नळीत घाला, नाहीतर पट्टी वाटेतच सुकते आणि पाणी तुटतं. सावलीतल्या मध्यम कुंडीला दिवसाला अर्धा लिटर धरला तर एका बादलीवर चार कुंड्या दहा दिवस निघतात. निघायच्या आधी दोन दिवस चालवून बादलीतलं पाणी किती उतरलं ते मोजा. फार उतरलं तर बादली खाली घ्या, नाहीतर पट्टी अरुंद करा. पाण्याची बाटली मातीत उलटी खोचण्यावर भरवसा ठेवू नका. मातीनुसार ती एका दिवसात रिकामी होते किंवा तशीच भरलेली राहते. खालच्या झाडांना आळ्याच्या कडेला झिलई नसलेली मातीची मडकी पुरा, तोंड जमिनीच्या दोन बोटं वर, वर झाकण. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीलेखनातही ही रीत सांगितलेली आहे. मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि कोरड्या मातीकडे आपोआप जास्त जातं. पाच-सहा लिटरचं मडकं मातीप्रमाणे दोन ते पाच दिवस चालतं, म्हणजे मधे कुणीतरी एकदा-दोनदा येऊन भरायलाच हवं. तेवढी गळ शेजाऱ्यांना घालता येईल.

राहिला घरच्यांचा प्रश्न. सगळी बाग सोडून देऊ नका, पण सगळी वाचवायचा हट्टही धरू नका. पाणी मोजकं असताना जी झाडं गेली तर पुन्हा यायला वर्षं लागतील ती आधी: जमिनीतली दोन झाडं, मोगरा, मोठ्या कुंड्यांतली झुडपं. मग मध्यम कुंड्या. हंगामी फुलझाडांचं आयुष्य तसंही संपत आलेलं असतं. ती आजच उपटून त्यांची माती आच्छादनाखाली झाकून ठेवलीत, तर वाचलेलं पाणी मोठ्या कुंड्यांच्या वाट्याला येईल.

आणि परत आल्यावर एखादं झाड पूर्ण वाळलेलं दिसलं तर लगेच उपटू नका. शेंड्याकडून सुरुवात करून काडीची साल नखाने जरा खरवडा. आत तपकिरी, कोरडं दिसलं तर चार बोटं खाली सरका, पुन्हा खरवडा. जिथे ओलसर हिरवं दिसेल तिथवर झाड जिवंत आहे. आत्ता कापू नका, त्या जागी फक्त एक दोरा बांधून ठेवा. उन्हाचा जोर ओसरला की दोऱ्याच्या थोडं वर कात्री चालवा. जमिनीलगतही हिरवं लागलं नाही, तरी मोगऱ्यासारख्या झुडपाला तीन-चार आठवडे बेताचं पाणी द्या, ती मुळापासून पुन्हा फुटतात.